गायरानांतलें तण आणि तणनाशक औषधें

श्रावणांत गोंदियाहून बल्लारपूरकडे जाणाऱ्या गाडींत बसलेल्या प्रवाशाला नागभीड सोडल्यावर दोन्ही बाजूंस हिरवेगार माळ दिसतात. अगोदर धानाच्या बांध्या, त्यांच्या पलीकडे गांवचें गायरान, आणि गायरानाला लागूनच जंगल. एवढी हिरवळ असतां येथल्या गाई हाडकुळ्या कां, असा प्रश्न त्याच्या मनांत येणें साहजिक आहे. सिंदेवाहीस किंवा मूलला उतरून तो त्या माळावर चार पावलें चालला, तर उत्तर त्याला पायाशींच सांपडेल. ती हिरवळ गवताची नाहीं. गुडघाभर वाढलेला तरोटा, मधून मधून रानतुळस, वाटेच्या कडेनें गाजरगवत, आणि जंगलाच्या अंगानें पुढें सरकत आलेली घाणेरी. यांपैकीं कशालाहि गुरें सहसा तोंड लावीत नाहींत. गवत आहे, पण तें खालीं, सावलींत, पिवळें पडलेलें.

सकाळीं आखरावर गुरें जमतात आणि गुराखी त्यांना घेऊन निघतो. गायरानांत पोट भरलें नाहीं कीं कळप पुढें जातो, आणि पुढें जंगल आहे. ताडोबाच्या भोंवतालीं व ब्रह्मपुरीच्या वनांत वाघांची वस्ती दाट आहे. गडचिरोलींतहि अलीकडच्या वर्षांत वाघ पुन्हां स्थिरावला आहे. वाघाच्या हल्ल्यांत बळी पडणाऱ्यांत गुराखी, मोहफुलें वेंचणाऱ्या स्त्रिया आणि सरपणास गेलेलीं माणसें वारंवार असतात. म्हणून गायरानांत गवत आहे कीं तरोटा, हा प्रश्न या दोन जिल्ह्यांत नुसत्या दुधाचा राहत नाहीं.

शहरांतल्या सुशिक्षिताला यावर एक सोपा उपाय सुचतो. तण मारण्याचीं औषधें दुकानांत मिळतात. तीं आणून फवारलीं म्हणजे झालें. उपाय अगदींच चुकीचा नाहीं. पण औषध कशाला मारतें, कशाला मारीत नाहीं, आणि मेलेल्या तणाच्या जागीं पुढें काय उगवतें, या तीन गोष्टी कळल्यावांचून डबा उघडणें म्हणजे पैसे मातींत घालणें होय.

प्रथम तण येतें कां हें पाहूं. गवताचा वाढीचा कोंब बुडाशीं, जमिनीलगत असतो. म्हणून वरचें पातें गुरानें खाल्लें तरी गवत पुन्हां फुटतें. परंतु दर चार दिवसांनीं तेंच पातें खुडलें गेलें तर मुळांत सांठवलेलें अन्न संपतें आणि ठोंब बारीक होत जातो. शेजारच्या तरोट्याला मात्र कोणी शिवत नाहीं. पहिल्या पावसाबरोबर तो उगवतो, भाद्रपदापर्यंत फुलतो, आणि हिंवाळ्याच्या तोंडीं शेंगांतून बीं सांडून मोकळा होतो. त्याचें बीं कठीण सालीचें. कित्येक वर्षें मातींत पडून राहतें आणि थोडें थोडें करून उगवतें. तेव्हां एकदां फवारून माळ स्वच्छ दिसला तरी पुढच्या मृगांत तो तितकाच हिरवा होतो. शेडा, पवन्या, मारवेल हीं चांगलीं गवतें त्या रिकाम्या जागेंत पसरण्याइतकीं जोमदार नसतील तर ती जागा पुन्हां तणाचीच.

आतां औषधांकडे वळूं. कुरणासाठीं जगभर सर्वांत अधिक वापरलेलें औषध म्हणजे टू-फोर-डी. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत इंग्लंड व अमेरिका येथें तें स्वतंत्रपणें शोधलें गेलें आणि १९४५ च्या सुमारास बाजारांत आलें. वनस्पतींच्या अंगीं वाढ घडवून आणणारा जो रस असतो, त्याचीच ही नक्कल आहे. रुंद पानाच्या झाडांत ती शिरली कीं वाढीचा ताळ सुटतो. देंठ पिळवटतात, पानें वळतात आणि झाड स्वतःच्या बेताल वाढीनेंच मरतें. गवताच्या कुळांतील झाडें बहुधा तिला दाद देत नाहींत. गहूं व ऊंस यांत तिचा उपयोग होतो तो यामुळेंच, आणि कुरणांतहि तिची निवड होते ती यामुळेंच. ग्लायफोसेटचें तसें नाहीं. १९७४ च्या सुमारास विक्रीस आलेलें हें औषध पानांतून मुळांपर्यंत उतरतें आणि गवत, तण, रोपटें असा भेद न करतां हिरवें तेवढें मारतें. तें सबंध गायरानावर फवारणें म्हणजे उंदरासाठीं घर जाळणें. भारतांत त्याला मंजुरी आहे ती चहाचे मळे व पीक नसलेल्या जागा यांपुरती. शिवाय तें प्रशिक्षित कीडनियंत्रकांकडूनच वापरलें जावें असा निर्बंध केंद्र सरकारनें २०२२ मध्यें जाहीर केला. तिसरें पॅराक्वाट. तें लागलेलें पान एका दिवसांत करपतें, म्हणून लोकांना आवडतें. पण मूळ जिवंत राहतें, आणि चुकून माणसाच्या पोटांत गेलें तर त्यावर उतारा नाहीं. गुरें आणि मुलें फिरतात अशा जागीं त्याचें नांवहि काढूं नये.

मग टू-फोर-डी घ्यावी आणि काम संपवावें, असें वाटेल. येथेंच चंद्रपूर-गडचिरोलीचा मुलूख आडवा येतो. ज्या तरोट्याला गायरानांत तण म्हणावयाचें, त्याचींच कोंवळीं पानें आषाढांत घरोघर भाजीला जातात. पश्चिमेकडे हीच भाजी टाकळा या नांवानें ओळखतात. फवारलेल्या माळावरून दुसऱ्या दिवशीं कोणी म्हातारी ओटी भरून भाजी घेऊन गेली, तर तिला कोण सांगणार? शिवाय औषधाला रुंद पान तेवढें कळतें. गवतांत मिसळून वाढणाऱ्या शेंगवर्गी वेली, ज्यांच्यामुळें चाऱ्याला कस येतो, त्याहि मरतात; मोहाचें व तेंदूचें नवें रोपटेंहि मरतें. आणि वरोरा, राजुरा, कोरपना या बाजूस शेजारच्या शेतांत कपाशी असते. टू-फोर-डीला कपाशीइतकें हळवें पीक क्वचितच सांपडेल. वाऱ्यावर गेलेल्या चार थेंबांनीं तिचीं पानें बोटांसारखीं चिंचोळीं होतात आणि बोंडें धरत नाहींत. ज्या पंपानें तणनाशक मारलें तोच पंप नीट न धुतां कपाशीवर वा मिरचीवर वापरल्यानेंहि असेंच नुकसान होतें. तणनाशकाचा पंप निराळा असावा हें सर्वांत स्वस्त शहाणपण आहे, आणि तेंच फार थोडे लोक पाळतात.

म्हणून औषध निवडण्यापूर्वीं तण निवडून घ्यावें लागतें. तरोटा वर्षायु आहे. तो फुलण्याआधीं, जमीन ओली असतां उपटला किंवा कापला तर त्या वर्षाचें बीं पडत नाहीं, आणि लागोपाठ तीन-चार वर्षें असें केलें तर मातींतला सांठा ओसरूं लागतो. रानतुळशीचेंहि तसेंच. ही मूळची अमेरिकेच्या उष्ण प्रदेशांतली. हिचें बीं सब्जासारखें पाण्यांत बुळबुळीत होतें आणि बोंडें गुरांच्या केसांना चिकटून गांवोगांव जातात. ताडोबांतून उठून गेलेल्या गांवांच्या जुन्या शेतांवर आज जीं कुरणें दिसतात, तेथें वनखात्याचीं माणसें हें तण हातानें उपटून काढतात. त्या खुल्या कुरणांत चरणाऱ्या चितळ-गव्यांचीं छायाचित्रें शहरांतल्या घरोघर पोंचलीं आहेत. त्यांच्यामागें उपटणाऱ्या मजुरांचे वांकलेले कणे आहेत, हें मात्र छायाचित्रांत येत नाहीं.

गाजरगवताची गोष्ट थोडी वेगळी. १९५५ च्या सुमारास तें पुण्यांत प्रथम नोंदलें गेलें आणि पुढें देशभर पसरलें. त्याच्या स्पर्शानें कित्येकांच्या अंगाला खाज सुटते, आणि तें खाल्लेल्या गाईच्या दुधाला कडवटपणा येतो. उपटणाऱ्यानें हातमोजे घातलेच पाहिजेत. त्यावर मेक्सिकोंतून आणलेला एक भुंगा १९८४ च्या सुमारास बंगळूरकडे सोडण्यांत आला. पावसाळ्यांत तो त्याचीं पानें कुरतडून टाकतो. गंमत अशी कीं, या गाजरगवताला दाबून टाकण्यासाठीं ज्या झाडांचें बीं मुद्दाम पेरण्याचा सल्ला देतात, त्यांत तरोटाहि आहे! एका माळावरचा वैरी दुसऱ्या माळावर पहारेकरी ठरतो.

खरा उपयोग औषधाचा होतो तो घाणेरीवर. ती बहुवर्षायु, वरून तोडली तर दुप्पट जोमानें फुटते. तिच्या पाल्यानें गुरांना कावीळ होते, उन्हांत नाकपुड्यांची कातडी तडकते. तिला काढण्याची एक रीत अशी कीं, खोड जमिनीखालीं, जेथून फूट निघते त्या भागाच्याहि खालून तोडून झुडूप उलटें करून ठेवावें. जेथें खडकामुळें किंवा खोडाच्या जाडीमुळें तें जमत नाहीं, तेथें खोड बुडाशीं कापून ताज्या कापावर लगेच, कांहीं मिनिटांतच, ब्रशानें औषध लावावें. उशीर झाला कीं कापाचें तोंड मिटतें आणि औषध आंत उतरत नाहीं. या रीतींत औषध थोडें लागतें, वाऱ्यावर जात नाहीं, आणि शेजारचें गवत वांचतें.

तरीहि एखाद्या तुकड्यावर फवारणी करावयाचीच असेल, तर डब्यावरची चिठ्ठी अगोदर वाचावी. तणनाशकेंहि १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखालीं येतात, आणि चिठ्ठीवर ज्या पिकाचें वा जागेचें नांव आहे तेवढ्यापुरतीच मंजुरी असते. गायरानाचें नांव तींत क्वचितच सांपडतें. तेव्हां कृषी अधिकाऱ्यास विचारल्यावांचून पुढें जाऊं नये. मात्रा मोजण्याची आपल्याकडची रीत म्हणजे पंपाला दोन झाकणें. ती सोडून द्यावी. पंपांत १५ लिटर नुसतें पाणी भरून नेहमींच्या चालीनें मारीत जावें आणि किती जागा भिजली तें मोजावें. समजा ती ३०० चौरस मीटर भरली. म्हणजे हेक्टरास ५०० लिटर पाणी, सुमारें ३३ पंप. चिठ्ठीवरच्या हेक्टरी मात्रेला ३३ नें भागलें कीं एका पंपाची मात्रा निघते. अधिक घातल्यानें अधिक मरतें हा भ्रम आहे. फार तीव्र औषधानें पानें अगोदरच करपतात आणि तें मुळापर्यंत उतरतच नाहीं. पाणी विहिरीचें, नितळ असावें. नाल्याच्या गढूळ पाण्यांतली माती ग्लायफोसेटला धरून ठेवते आणि औषध निकामी होतें. तोटी पंख्यासारखा चपटा फवारा टाकणारी हवी, कीटकनाशकाची धुकें उडविणारी नको. तण तीन-चार पानांचें असावें, वारा मंद असावा, आणि पुढचे कांहीं तास पाऊस नसावा. हा शेवटचा योग झाडीपट्टीच्या पावसाळ्यांत जुळून येणें कठीणच!

छातीएवढ्या वाढलेल्या तणांत तर फवारणीस शिरूंच नये. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यांत २०१७ सालीं कपाशीवर फवारतांना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी व मजूर दगावले. तीं औषधें किडींचीं होतीं, तणांचीं नव्हेत. पण उंच वाढलेल्या झाडांतून चालतांना ओला पाला अंगाला घासतो, तो येथेंहि तसाच घासतो.

फवारणीनंतर गुरें बाहेर ठेवणें हा या कामाचा सर्वांत अवघड भाग आहे. औषध लागून मरूं घातलेल्या कित्येक तणांना कांहीं दिवस गोडसर चव येते, आणि एरव्हीं ज्याला गाय शिवत नाहीं तेंच ती खाऊं लागते. म्हणून तण पूर्ण वाळेपर्यंत व चिठ्ठीवरची मुदत संपेपर्यंत त्या तुकड्यांत जनावर जातां कामा नये. पण मग कळपानें जावें कोठें? जंगलांतच. ज्या संकटातून सुटण्यासाठीं हा खटाटोप, तेंच पुन्हां दारांत येतें. यावर तोड एकच. गायरानाचे चार भाग करावे आणि एका पावसाळ्यांत एकच भाग बंद ठेवावा.

हें ठरविणार कोण, हाहि प्रश्न आहे. पूर्व विदर्भांत चराईची पुष्कळशी जमीन झुडपी जंगल म्हणून नोंदलेली आहे, आणि सर्वोच्च न्यायालयानें मे २०२५ मध्यें ती वनजमीनच असल्याचें स्पष्ट केलें. तेथें कोणा एकट्यानें पंप घेऊन जाणें कायद्यांत बसत नाहीं. उलट २००६ च्या वनहक्क कायद्यानें ग्रामसभांना चराईचा हक्क आणि वनाच्या राखणीची जबाबदारी अशीं दोन्हीं दिलीं आहेत. गडचिरोलींतल्या मेंढा (लेखा) या गांवाला असा सामूहिक हक्क २००९ मध्यें मिळाला. कोणता भाग कधीं बंद ठेवावा, तरोटा भाजीला किती राखावा, हें अशा सभेंत बोलून ठरूं शकतें. वेगवेगळ्या घरचीं गुरें एकाच आखरावर येत असल्यानें दुसरा मार्गहि नाहीं.

बंद ठेवलेल्या भागांत गवताचें बीं किंवा ठोंब तयार असावे लागतात. शेडा व पवन्या यांचें बीं पावसाळा सरल्यावर कार्तिकाच्या सुमारास पिकतें. तें झडण्यापूर्वीं ओंब्या खुडून घ्याव्या. ताजें बीं लगेच उगवत नाहीं, म्हणून तें उन्हाळाभर कोरड्या जागीं ठेवून मृगाच्या तोंडीं पेरतात. मारवेल मात्र ठोंबांनीं लावतात, दोन-तीन चांगले पाऊस होऊन जमीन मऊ झाल्यावर. त्याच आठवड्यांत तरोटाहि बोटभर वर आलेला असतो आणि सहज उपटतो, त्यामुळें एकाच मजुरींत दोन्हीं कामें उरकतात.