कंपनीचं प्रोजेक्ट मिळालं, पण कागद झाला का? इंजिनिअरिंगच्या पोरांनी आणि पालकांनी काय बघावं

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला गेलेलं पोरगं सुट्टीत गावी आलं, की सांगतं, "यंदा प्रोजेक्ट आहे, कंपनीचं मिळालंय." घरच्यांना वाटतं, नोकरीच लागली. तसं नसतं. पण नीट केलं तर त्याचा फायदा मोठा असतो, आणि न विचारता सही केली तर वर्षभराची मेहनत हातातून जाऊ शकते.

कंपनीचं प्रोजेक्ट म्हणजे काय?

कॉम्प्युटर आणि आयटी शाखेच्या विद्यार्थ्यांना शेवटच्या वर्षी एक सॉफ्टवेअर तयार करून दाखवावं लागतं. त्याला मार्क असतात, बाहेरचे परीक्षक येऊन प्रश्न विचारतात. साधारण तीन-चार जणांचा गट असतो आणि कॉलेजचे एक सर किंवा मॅडम गाइड असतात. विषय कंपनीने दिला असेल तर त्याला स्पॉन्सर्ड प्रोजेक्ट म्हणतात. त्यात कंपनीचाही एक जाणकार माणूस मार्गदर्शनाला असतो.

समजा, दूध संकलन करणाऱ्या कंपनीला असं ॲप पाहिजे, ज्यात फॅट, एसएनएफ आणि दहा दिवसांचं बिल शेतकऱ्याला मोबाइलवर दिसेल. पोरं आधी संकलन केंद्रावर जाऊन काम कसं चालतं ते बघतात. मग आराखडा, मग कोड, मग चाचणी. ठरावीक दिवसांनी झालेलं काम कंपनीला दाखवायचं. तिथं कंपनीचा माणूस विचारतो, "गावात रेंज गेली तर नोंद कुठं राहणार?" पोरांनी त्याचा विचारच केलेला नसतो. असे प्रश्न वर्गात बसून सुचत नाहीत. खरी शिकवण हीच.

कंपनीला काय मिळतं?

कमी खर्चात नवी कल्पना तपासून बघता येते. शिवाय कोण पोरगं कसं काम करतं, हे काही महिने जवळून दिसतं. त्यातून कुणाला नोकरीला बोलावतात, कुणाला नाही. प्रोजेक्ट म्हणजे नोकरीची हमी नव्हे.

सरकारनेही हाच मार्ग मोठ्या प्रमाणावर वापरला आहे. २०१७ पासून सुरू झालेल्या 'स्मार्ट इंडिया हॅकॅथॉन' स्पर्धेत केंद्राची मंत्रालयं, राज्यांचे विभाग आणि उद्योग आपल्या खऱ्या अडचणी विद्यार्थ्यांपुढे ठेवतात. संघ सहा जणांचा, त्यात किमान एक मुलगी असावीच लागते. आधी कॉलेजातच निवड होते. त्यामुळे छोट्या गावातल्या कॉलेजच्या पोरांनाही यात उतरता येतं.

केलेलं काम कुणाच्या मालकीचं?

बटईनं रान देताना बियाणं कुणाचं, खत कुणाचं, वाटा किती, हे पेरणीआधी ठरतं. मळणीला बसून ठरवायला गेलं की भांडण होतं. सॉफ्टवेअरचंही तेच आहे.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यात सॉफ्टवेअरचा कोड साहित्यकृतीत मोडतो, म्हणजे पुस्तकासारखाच. ज्याने लिहिला, तो त्याचा पहिला मालक. पण नोकरीत किंवा शिकाऊ उमेदवारीत लिहिलेला कोड, वेगळं काही ठरलं नसेल, तर मालकाचा होतो. प्रोजेक्ट करणारा विद्यार्थी कंपनीचा नोकर नसतो. त्यामुळे कंपनीला हक्क पाहिजे असेल तर तो लेखी आणि सहीनिशीच घ्यावा लागतो, तोंडी चालत नाही. त्या कागदावर मुदत लिहिली नसेल तर कायद्याने ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. म्हणून सही करताना "कायमचा" आणि "जगभर" हे शब्द आहेत का, ते बघावं. हक्क देणं चूक नाही. पण काय दिलं आणि बदल्यात काय घेतलं, हे माहीत पाहिजे.

सही करण्याआधी काय विचारायचं?

– काम नेमकं काय आणि कधीपर्यंत? मधेच काम वाढवलं तर परीक्षेच्या तारखा सांभाळणार कोण?
– प्रवास, सर्व्हर, यंत्रसामग्रीचा खर्च कुणाचा? मानधन आहे का? नसेल तर तसं स्पष्ट लिहिलेलं असावं.
– गोपनीयतेचा करार असेल तर परीक्षकांना आणि पुढे नोकरीच्या मुलाखतीत काम दाखवता येईल का?
– काम पूर्ण झाल्यावर कंपनीच्या लेटरहेडवर प्रमाणपत्र मिळेल का?
– करारात कॉलेजची सही आहे का? गाइडला दाखवल्याशिवाय सही करू नये.

पैसे मागितले तर थांबा

प्रोजेक्ट देतो, प्रमाणपत्र देतो, आधी फी भरा, असं कुणी म्हणालं तर सावध व्हावं. ज्याला खरोखर काम करून घ्यायचं आहे, तो काम करणाऱ्याकडून पैसे घेत नाही. तयार प्रोजेक्ट विकणारी दुकानंही शहरात असतात. ते विकत घेऊन मार्क मिळतीलही, पण मुलाखतीत "ही ओळ का लिहिली?" असं विचारलं की पोरगं गप्प बसतं.

पालकांना कोड कळायची गरज नाही. पोरगं पुढच्या वेळी गावी येईल तेव्हा कराराचा कागद मागून घ्यावा, सगळ्यांनी बसून वाचावा आणि एक झेरॉक्स सातबाऱ्याच्या फाइलीत ठेवावी.