पडद्यामागचे तास

स्मरणिकेसाठी या वर्षी वैद्यकीय लेख नको, काहीतरी हलकेफुलके द्या, असा संपादक मंडळाचा आग्रह झाला. टीव्ही मालिकांच्या पडद्यामागच्या गोष्टी गोळा करण्याचा माझा छंद आमच्या डॉक्टर मंडळींना ठाऊक आहे. जेवणाच्या वेळी मी असा एखादा किस्सा सांगू लागलो की सौभाग्यवती ताट घेऊन आत जाते, हेही ठाऊक आहे. मात्र हा छंद मला का जडला, हे आजवर मी कोणाला सांगितलेले नाही. ते सांगण्यास हे निमित्त बरे आहे.

गोष्ट १९८८ सालची. आदिलाबादला दवाखाना थाटून मला फार दिवस झाले नव्हते. पुढे दवाखाना, मागे बिऱ्हाड. २५ जानेवारी १९८७ रोजी रामानंद सागर यांचे ‘रामायण’ दूरदर्शनवर सुरू झाले आणि रविवारी सकाळी साडेनऊला गावातले रस्ते ओस पडू लागले. आमच्या गल्लीत टीव्ही मोजकेच होते. त्यामुळे आमच्या बैठकीत शेजारपाजारचे तीसेक लोक, दाराबाहेर चपलांचा ढीग आणि गच्चीवर अँटेना फिरवणारा एक मुलगा, असा थाट असे. आमचे कंपाउंडरही प्रेक्षकांतच बसत. मराठी, तेलुगू, गोंडी, दखनी अशा चार भाषा बोलणारी ती मंडळी पाऊण तास एका शब्दाने बोलत नसत.

अशाच एका रविवारी बाहेरून मुलाच्या रडण्याचा क्षीण आवाज माझ्या कानी आला. शेजारच्या घरातले मूल असेल, अशी मी मनाची समजूत घातली. भाग संपल्यावर दार उघडले, तो दवाखान्याच्या पायरीवर बेल्याकडचे एक शेतकरी जोडपे बसलेले. आईच्या मांडीवर दीड वर्षाचे मूल. जुलाब-उलट्यांनी डोळे खोल गेलेले, पोटाची कातडी चिमटीत धरली तर जागेवर बसत नव्हती, आणि रडणेही आता थांबले होते. शीर सापडता सापडेना. शेवटी घोट्याजवळ सापडली. रिंगर लॅक्टेटची बाटली निम्मी झाल्यावर मुलाने डोळे उघडले, तेव्हा कुठे माझे हात थरथरू लागले.

“आवाज का दिला नाही?” मी थोड्या रागानेच विचारले.

बाप ओशाळून म्हणाला, “देवाचं चालू होतं ना सायेब, म्हणून आवाज नाई देला.”

मूल वाचले. पण त्या वाक्याने मला पुढे अनेक रात्री झोपू दिले नाही. आत चालले होते ते देवाचे नव्हते, सायेबाच्या करमणुकीचे होते; आणि ते फक्त मला ठाऊक होते. हे ‘देवाचे’ नक्की कसे घडते, याचे कुतूहल तेव्हापासून जडले. जमेल तेथून वाचू लागलो, ऐकू लागलो.

जे कळले ते विलक्षण होते. अयोध्या, पंचवटी आणि लंका या तिन्ही नगरी महाराष्ट्राच्या वेशीलगत, गुजरातेतील उंबरगावच्या स्टुडिओत उभ्या होत्या. हनुमान झालेले दारासिंग साठीच्या उंबरठ्यावर होते. त्यांच्या रंगभूषेला तीन-चार तास लागत, आणि एकदा मुखवटा चढला की तो उतरेपर्यंत काही खाता येत नसे, असे त्या चमूतील लोकांनी सांगून ठेवले आहे. जन्मभर आखाड्यात घालवलेला तो धिप्पाड मल्ल दिवसचे दिवस उपाशीपोटी काम करीत राहिला. गुजराती रंगभूमीवरचे अरविंद त्रिवेदी आले होते केवटाच्या भूमिकेसाठी. परत गेले ते रावण होऊन. हनुमान कामासाठी तासन्‌तास उपाशी बसू शकत होता आणि मला कामासाठी खुर्चीवरून उठवत नव्हते, ही तुलना टाळणे मला कधीच जमले नाही.

मग या छंदात मला आपले व्यवसायबंधूही भेटू लागले. बी. आर. चोप्रांच्या ‘महाभारता’तील (१९८८-९०) श्रीकृष्ण, आपले नीतीश भारद्वाज, हे पशुवैद्यकाचे पदवीधर. अभिनयाकडे पूर्णपणे वळण्याआधी ते मुंबईच्या रेसकोर्सवर पशुवैद्य होते. म्हणजे अर्जुनाच्या रथाचे घोडे खरोखरीच एका घोड्यांच्या डॉक्टरच्या हाती होते! त्यांचा विचार आधी विदुराच्या भूमिकेसाठी झाला होता. वयाने फार लहान म्हणून ते विदुर झाले नाहीत, आणि पंचविशीत जगद्‌गुरू झाले. सत्यजित राय यांनी १९८१ साली दूरदर्शनसाठी प्रेमचंदांच्या कथेवर ‘सद्‌गती’ केली. त्यातला निष्ठुर ब्राह्मण साकारला तो पुण्याचे मनोविकारतज्ज्ञ डॉ. मोहन आगाशे यांनी. रुग्णाचे मन उलगडण्याची विद्या असणाऱ्यानेच असे दगडी मन उभे करावे, यात मला नवल वाटत नाही. त्याच चित्रपटातील स्मिता पाटील त्यापूर्वी मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या वाचत. जीन्सवरच साडी गुंडाळून त्या कॅमेऱ्यापुढे बसत, हा किस्सा सर्वश्रुत आहे. अलीकडच्या काळात शिवाजी महाराज आणि संभाजी महाराज या दोन्ही भूमिका घराघरांत पोहोचवणारे डॉ. अमोल कोल्हे एम.बी.बी.एस. आहेत, तर ‘चला हवा येऊ द्या’चे डॉ. निलेश साबळे आयुर्वेदाचे.

आपणा सीमेवरच्या मराठी माणसांसाठी मात्र सर्वांत गोड गंमत निराळीच. पैनगंगेच्या अलीकडे राहणाऱ्या आपल्याला मराठी म्हणजे पलीकडून, यवतमाळहून येणारी भाषा, असे वाटत आले. २००० साली ई-टीव्ही मराठी वाहिनी सुरू झाली. माझी आई संध्याकाळच्या बातम्या लागल्या की म्हणे, “बघ, आपल्या मुंबईची माणसं किती शुद्ध बोलतात.” त्या बातम्या मुंबईहून नव्हे, तर हैदराबादजवळच्या रामोजी फिल्म सिटीतून वाचल्या जात होत्या, हे तिला सांगितले तर तिचा विश्वास बसेना. ज्या राजधानीकडे आपण तेलुगूतून अर्ज करीत होतो, तिथूनच रोज शुद्ध मराठी आपल्या घरी येत होती! त्याच वाहिनीवरील ‘चार दिवस सासूचे’ २००१ पासून २०१३ पर्यंत चालली. तीन हजारांहून अधिक भाग झाले. आईने रोहिणी हट्टंगडी यांची सासू जवळपास शेवटपर्यंत पाहिली. तिच्या रक्तदाबाच्या गोळीची वेळही आम्ही त्या मालिकेशी बांधली होती. गोळी कधी चुकली नाही. ‘चार दिवस सासूचे’ने निदान एका रुग्णाचे भले केले, याचा मी साक्षीदार आहे.

२०२० च्या मार्चअखेर, टाळेबंदीत, ‘रामायण’ पुन्हा दाखवले जाऊ लागले. १६ एप्रिलचा भाग ७ कोटी ७० लाख लोकांनी पाहिल्याचे दूरदर्शनने जाहीर केले. त्या दिवसांत एका रात्री आमच्याकडेही टीव्ही चालू होता. दारासिंग पडद्यावर आले आणि त्याच क्षणी फोन वाजला. ताप आणि धाप असलेला रुग्ण होता. पत्नीने माझ्याकडे पाहिले. तिला बत्तीस वर्षांपूर्वीचा तो रविवार ठाऊक होता. मी मास्क चढवला. तो एकदा चढला की घरी परतेपर्यंत पाण्याचा घोटही घेता येत नसे. जिन्यावरून उतरताना उंबरगावच्या त्या उपाशी मल्लाची आठवण झाली आणि मनाशी हसू आले.

मित्रहो, रुग्ण आपल्याकडे पाहतो ते पडद्यावरच्या देवाकडे पाहावे तसे. त्याचा तो समज दूर करणे आपल्या हाती नाही. पडद्यामागचे तास प्रामाणिकपणे भरणे, आणि पायरीवर कोणी हाक न देता बसले आहे का हे मधूनमधून उठून पाहणे, एवढे मात्र आपल्या हाती आहे.