पंच कोठे उभा होता?

पुणे जिल्ह्यातील जुन्नर तालुक्यात वारूळवाडी व नारायणगाव यांच्या परिसरात द्राक्षांच्या बागा आहेत. अशा एखाद्या बागेच्या कडेला, खांबांच्या ओळीसमोर अगदी सरळ रेषेत उभे राहून पाहा. सारे खांब एकामागे एक दडलेले दिसतील. आता उजवीकडे एकच पाऊल सरका. लागलीच मागचे खांब पुढच्या खांबाच्या उजव्या बाजूने डोकावू लागतील. खांब जागचे हलले नाहीत. हलला तो पाहणारा. एवढी गोष्ट ध्यानात ठेवून आपण कोल्हापूरच्या फुटबॉलच्या मैदानावर जाऊ.

कोल्हापुरास फुटबॉलचे मोठे वेड. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम हे तेथील संघ म्हणजे पेठांचा अभिमान. शाहू स्टेडियमवर सामना रंगात यावा, आवडत्या खेळाडूने चेंडू जाळ्यात धाडावा आणि तोच रेषेवरील पंचाचे निशाण वर जावे! 'ऑफसाइड' म्हणून गोल रद्द होतो. मग संतापलेला प्रेक्षक सहज बोलून जातो, "पंच फितूर आहे!" हा आरोप कितपत खरा मानावा?

प्रथम नियम पाहू. सहकारी चेंडू मारतो त्या क्षणी आघाडीचा खेळाडू प्रतिपक्षाच्या अर्ध्या मैदानात, चेंडूच्या पुढे, आणि प्रतिपक्षाच्या शेवटून दुसऱ्या खेळाडूपेक्षाही गोलरेषेच्या जवळ असेल, तर तो ऑफसाइड जागी असतो. तेथून त्याने खेळात भाग घेतला की तो दोषी ठरतो. दोघे बरोबरीत असतील तर दोष नाही. १९९० सालापासून नियम असा आहे.

हे ठरविण्यासाठी पंचाने त्या शेवटून दुसऱ्या खेळाडूच्या अचूक रेषेत असावे लागते. तो एक पाऊल गोलाकडे सरकलेला असला, तर त्या खेळाडूच्या पलीकडे बरोबरीत असलेला आघाडीचा खेळाडू त्याला पुढे गेलेला दिसतो. पंच मागे राहिला, तर उलट भास होतो. शिवाय चेंडू मारणारा एकीकडे आणि धावणारा दुसरीकडे! सेकंदाला ८ मीटर धावणारा खेळाडू सेकंदाच्या दहाव्या भागात ८० सेंटिमीटर पुढे जातो. प्रेक्षक तर त्या रेषेत क्वचितच बसलेले असतात. म्हणून दोन प्रामाणिक माणसेही एकाच गोलाविषयी भांडतात.

पंच कधीच अप्रामाणिक नसतात, असे मात्र नाही. २००५ साली जर्मनीत एका पंचाने लाच घेऊन निकाल फिरविल्याचे उघडकीस आले व त्यास तुरुंगवास झाला. परंतु ते चौकशीने सिद्ध झाले, आरडाओरडीने नव्हे.

आरडाओरडीचा परिणाम निराळाच होतो. इंग्लंडमधील एका प्रयोगात ४० पंचांना एकाच सामन्याचे चित्रण दाखविले. काहींना प्रेक्षकांच्या गोंगाटासह, काहींना निःशब्द. गोंगाट ऐकणाऱ्यांनी यजमान संघाचे दोष कमी धरले. म्हणजे पक्षपाताविरुद्ध ओरडणारा जमाव नकळत पक्षपातच घडवीत असतो.

२०१८ सालच्या विश्वचषक स्पर्धेपासून त्या स्पर्धेत पंचांच्या साहाय्यास चित्रफिती आल्या. त्यामुळे अनेक चुका टळतात. तरी वाद संपलेले नाहीत. प्रत्येक मैदानावर अशी साधनेही नसतात. तेव्हा पुढच्या वेळी निर्णय आपल्या संघाविरुद्ध गेला, तर "पंच कोणाचा?" असे विचारण्यापूर्वी दोन प्रश्न स्वतःस विचारावेत : पंच कोठे उभा होता? आणि मी कोठे बसलो होतो?