भिंतीचा पहिला हात

मुंबईच्या मरोळ गावठाणातलं ईस्ट इंडियन समाजाचं एखादं जुनं घर डागडुजीला निघालं, की घरच्यांना ‘मूळ रूप’ हवं असतं आणि ठरतो तो पांढरा किंवा फिकट क्रीम रंग. जुनं म्हणजे सौम्य, ही समजूत पुराव्यावर टिकेलच असं नाही. अमेरिकेत जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या माउंट व्हर्नन इथल्या घरात लहान जेवणघराच्या भिंती १७८५ च्या सुमारास गडद हिरव्या होत्या. रंगाच्या थरांच्या तपासणीनंतर तो रंग पुन्हा दिला गेला. आजच्या डोळ्यांना तो भडकच वाटतो.

ही तपासणी म्हणजे नुसतं खरवडून खाली काय निघतं ते पाहणं नव्हे. जवसाच्या तेलातला रंग अंधारात दडपला गेला की पिवळा पडतो, त्यामुळे उघड्या पडलेल्या थराची जशीच्या तशी नक्कल केली तर फसगत होते. म्हणून भिंतीचा बारीक कपचा राळेत बसवून त्याचा छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात आणि रंगद्रव्यं ओळखतात. त्यांतून काळही कळतो. टायटॅनियमचा पांढरा रंग बाजारात स्थिरावला तो १९२० च्या आसपास. तो ज्या थरात सापडेल, तो एकोणिसाव्या शतकातला असूच शकत नाही. चुन्याच्या भिंतीवर निळा आढळला तर तो बहुधा कपड्यांच्या निळीतला अल्ट्रामरीन असणार, कारण प्रशियन निळा चुन्यात टिकत नाही. पिवडी आणि गेरू मात्र चुन्याला मानवतात. अडचण अशी, की नवा हात देण्यापूर्वी सुटलेली सफेदी खरवडून काढायची रीत असल्याने भिंतीवर पुरावा थोडाच उरतो. तो शोधावा दरवाजाच्या चौकटीच्या कडेला, तुळईच्या सांध्यात, मीटरच्या फळीमागे.

घर राहतं आहे, संग्रहालय नाही. रंग मालकाच्या आवडीचा, असा आक्षेप घेतला जाईल. तो रास्तच आहे. शिवाय चार पिढ्यांनी दिलेल्या हातांपैकी पहिलाच तेवढा खरा का, हाही प्रश्न उरतो. माझ्या मते सगळेच थर खरे आहेत, आणि म्हणूनच ते घासून टाकणं चूक. जुना रंग पुन्हा लावायची सक्ती कुणावरच नको. पण पॉलिश पेपर फिरवण्याआधी आतल्या कोपऱ्यातला वीतभर तुकडा तसाच राखायला पैसा लागत नाही. रंगाऱ्याला तेवढं सांगा.