दोषाकडून ओळखीकडे : बालमनाच्या शिक्षणाचा मागोवा

मराठी घरात मन हा विषय मुलांच्या कानी फार लवकर पडत असे. दिवेलागणीला परवचा झाला की समर्थांचे मनाचे श्लोक म्हणायचे, हा कित्येक पिढ्यांचा शिरस्ता होता. आणि आपले मन ही आपल्याहून किंचित वेगळी, समजावता येण्यासारखी वस्तू आहे, तिच्याशी आर्जवाने बोलता येते, हा मोठा विचार त्या पाठांतरातून अर्थ न कळताही बालकाच्या अंगवळणी पडे. परंतु त्याच घरात आणि त्याच गावच्या शाळेत, रागावलेल्या मुलाला हट्टी, घाबरलेल्याला भित्रा आणि डोळ्यांत पाणी आलेल्याला रडका म्हणून संबोधण्याचीही तितकीच पक्की वहिवाट होती. क्षणभर उमटून जाणाऱ्या भावनेची नोंद स्वभावाच्या रकान्यात व्हायची, स्वभावाची दोषाच्या रकान्यात, आणि दोषावरचा इलाज मास्तरांच्या टेबलावर छडीच्या रूपाने तयार असायचा. गेल्या शतकाहून थोड्या अधिक काळात जे घडले त्याचा इत्यर्थ माझ्या मते एवढाच, की भावनेची ही नोंद दोषाच्या रकान्यातून हळूहळू खोडली गेली. आणि मुलांना मेंदू, विचार व भावना यांविषयी काही शिकवण्याचे खरे प्रयोजनही हेच आहे, की स्वतःच्या मनाची त्यांना लाज वाटू नये.

या स्थित्यंतराचा आरंभ कोठून धरावा, याविषयी मतभेद होऊ शकतील. मी तो 6 जानेवारी 1907 पासून धरतो. त्या दिवशी रोममधील सान लोरेन्झो या श्रमिकांच्या वस्तीत मारिया माँटेसरी या वैद्यक शिकलेल्या विदुषीने आपले पहिले बालगृह उघडले. मुलांना गप्प बसवण्याऐवजी शांततेचा अनुभव देण्याची त्यांची एक पद्धत प्रसिद्ध आहे : सारी मुले निश्चल बसतात, भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक आणि स्वतःचा श्वास ऐकू येऊ लागतो, आणि मग दाराआडून बाई एकेकाचे नाव कुजबुजतात, तसतसे एकेक मूल पाऊल न वाजवता उठून त्यांच्याकडे जाते. वरवर पाहता हा खेळ. पण आत काय चालले आहे याकडे बालकाचे लक्ष प्रथमच वळवणारा आणि त्याचा ताबा त्याच्याच हाती देणारा असा हा पाठ होता. हा विचार आपल्याकडे माँटेसरींच्या आगमनापूर्वीच पोचला होता. भावनगरला गिजुभाई बधेका यांनी 1920 साली बालमंदिर काढले. ताराबाई मोडक पुढे त्या कार्यात सामील झाल्या, आणि 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. माँटेसरी स्वतः 1939 साली मद्रासच्या अड्यारला आल्या, महायुद्ध सुरू झाल्यामुळे कित्येक वर्षे येथेच अडकून पडल्या, आणि त्या मुक्कामात त्यांनी भारतातील शेकडो शिक्षकांना प्रत्यक्ष धडे दिले.

ताराबाईंनी या कार्याला दिलेले वळण मात्र सर्वस्वी त्यांचे होते. दादरला 1936 मध्ये शिशुविहार उभे केल्यावर, शहरातील सुस्थित मुलांपुरती ही विद्या राहता कामा नये, या तळमळीने त्या 1945 साली बोर्डीला गेल्या, आणि पुढे 1957 मध्ये अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडच्या टेकडीवर. वारली मुले शाळेला भीत. म्हणून शाळाच त्यांच्या पाड्यावर, अंगणात नेण्यात आली, आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात भरू लागली. शंखशिंपले, बिया, पाने हे साधनसाहित्य. नाहणे, वेणीफणी, गाणी हा पहिला अभ्यासक्रम. मेंदू किंवा भावना हे शब्द त्या अंगणवाडीत कोणी उच्चारले नसतील. पण भयभीत बालक शिकू शकत नाही, सबब पहिले काम त्याचे भय घालवण्याचे, हे तत्त्व तेथे रोज सकाळी आचरले जात होते. पुढे शासनाची एकात्मिक बालविकास योजना 2 ऑक्टोबर 1975 रोजी सुरू झाली, आणि अंगणवाडी हे नाव हळूहळू गावोगाव पोचले.

इकडे बालशिक्षणात हे चालले असता दुसऱ्या बाजूने शास्त्रही मुलांच्या जवळ येत होते. स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी 1926 च्या ग्रंथात मुलांचे जाबजबाबच जणू नोंदवले आहेत. विचार कशाने करतोस, असे विचारता सहा वर्षांची मुले 'तोंडाने' असे सांगत. स्वप्न कोठे असते, तर खोलीत, डोळ्यांसमोर. पुढे 1983 मध्ये विमर आणि पेर्नर या मानसशास्त्रज्ञांनी मुलांना मॅक्सीची गोष्ट सांगितली : मॅक्सी चॉकलेट एका कपाटात ठेवून बाहेर जातो, आई ते दुसऱ्या कपाटात हलवते, परत आल्यावर मॅक्सी कोठे शोधील? तीन वर्षांचे मूल निःशंकपणे दुसऱ्या कपाटाकडे बोट दाखवते, कारण जे आपल्याला ठाऊक आहे ते दुसऱ्याला ठाऊक नसेल, ही कल्पनाच अद्याप त्याच्या ठायी उमललेली नसते; चार-पाच वर्षांच्या सुमारास ती उमलू लागते. जॉन फ्लेव्हेल यांच्या प्रयोगांतून असेही दिसले, की एखादा मनुष्य नुसता शांत बसला असेल तर त्याच्या मनात काहीच चाललेले नाही, असे चार वर्षांच्या बहुतेक मुलांना वाटते. आणि मेंदूचे काम म्हणजे विचार करणे, हे लहानग्यांना कळत असले तरी चालणे, पाहणे, दचकणे यांतही मेंदूचा हात असतो, हे त्यांच्या ध्यानी पुष्कळ उशिरा येते. या शोधांचा व्यावहारिक अर्थ गंभीर आहे. 'तिला काय वाटलं असेल याचा विचार कर,' असे आपण तीन वर्षांच्या मुलाला दरडावतो, तेव्हा जी शक्ती त्याला अजून प्राप्तच झालेली नाही तिच्या अभावाबद्दल आपण त्याला दोषी धरत असतो.

भावनांविषयी मुलांशी उघड बोलण्याचे धैर्य दाखवले ते अमेरिकेत फ्रेड रॉजर्स यांनी. त्यांचा दूरचित्रवाणीवरील कार्यक्रम 1968 मध्ये देशभर दिसू लागला. त्याच वर्षी रॉबर्ट केनेडी यांची हत्या झाली, आणि घरोघरच्या पडद्यावर ती वार्ता मुलेही पाहत होती. रॉजर्स यांनी तातडीने एक विशेष कार्यक्रम केला. त्यात वाघाचे एक कापडी पिल्लू आपल्या मैत्रिणीला फुगा फुगवायला लावते, त्यातील हवा सोडायला लावते, ती हवा कोठे गेली म्हणून विचारते, आणि मग अगदी हळू आवाजात 'हत्या' म्हणजे काय, असे विचारते. मूल अवघड प्रश्नाकडे कसे आडवाटेने येते, याचे इतके अचूक दर्शन मला अन्यत्र आढळलेले नाही. रॉजर्स यांनी भीतीवर उपदेश केला नाही. भीतीला प्रश्न विचारण्याची मुभा दिली.

विचार आणि भावना यांचा संबंध मराठीत समजावून सांगण्याचे श्रेय प्रामुख्याने कि. मो. फडके यांचे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती त्यांनी आपल्या ग्रंथांतून मराठी वाचकांच्या हाती दिली. घटना आपल्याला थेट दुःखी करीत नाही, तिचा आपण लावलेला अर्थ दुःखी करतो, हे तिचे सार. ठाण्याला 1990 साली डॉ. आनंद नाडकर्णी यांनी मानसिक आरोग्यासाठी संस्था स्थापन केल्यावर हाच विचार शाळा आणि पालकसभा यांपर्यंत गेला. मुलांच्या पातळीवर तो साधा होतो : 'बंडू माझ्याशी बोलला नाही' ही घटना, 'मी त्याला आवडत नाही' हा विचार, आणि रडू ही भावना; या तिघांना सुटे करता आले, की मधल्या विचाराची शहानिशा करता येते. कदाचित बंडूने हाक ऐकलीच नसेल, हे सात-आठ वर्षांचे मूल स्वतः शोधून काढते, आणि तेव्हा त्याला होणारा आनंद कोडे सुटल्याच्या आनंदासारखा निर्भेळ असतो.

गेल्या तीस वर्षांत या सर्वात मेंदूची भर पडली. डॅनिएल गोलमन यांचे भावनिक बुद्धिमत्तेवरील पुस्तक 1995 मध्ये आले. डॅनिएल सीगल या मनोविकारतज्ज्ञाने तर मेंदू मुलांच्या हातातच दिला. अंगठा तळव्यावर दुमडायचा आणि चार बोटे त्यावर मिटायची : मनगट म्हणजे मज्जारज्जू, तळवा म्हणजे श्वास व हृदयाचे ठोके सांभाळणारा मेंदूचा बुंधा, आत दडलेला अंगठा म्हणजे भीती-संतापाची खबर देणारा भाग, आणि वरची बोटे म्हणजे थांबून विचार करणारा. राग अनावर झाला की बोटे ताडकन उघडतात, अंगठा उघडा पडतो. श्वास घेत, सावकाश ती पुन्हा मिटायची. शास्त्राच्या काटेकोर कसोटीवर ही आकृती ढोबळ ठरते, मेंदूचे असे सुटे मजले नसतात, आणि केवळ भीतीचा म्हणून एकच अवयव दाखवता येत नाही, असे आजचे संशोधक बजावतात, ते शिक्षकांनी ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. तथापि कपाळामागचा तो विवेकी भाग विशीच्या मध्यापर्यंत पक्व होत राहतो, ही गोष्ट निर्विवाद आहे. आणि 'तू वाईट नाहीस, तुझी बोटे अजून वाढत आहेत,' हा दिलासा सहा वर्षांच्या मुलाला ज्या आकृतीतून मिळतो, तिचे मोल मी कमी लेखणार नाही.

एवढे झाल्यावर हा विषय शासनाच्या दप्तरी दाखल होणे क्रमप्राप्तच होते. शिक्षणहक्क कायद्याने 2009 मध्ये शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई केली. दिल्ली सरकारने जुलै 2018 पासून बालवर्गापासून आठवीपर्यंत आनंदाचा तास सुरू केला. 2020 च्या राष्ट्रीय धोरणाने तीन ते आठ या वयाला शिक्षणाचा पाया म्हणून मान्यता दिली. शाळांतील अशा उपक्रमांचे फलित जगभर संमिश्र आहे, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात 213 उपक्रम व पावणेतीन लाखांच्या आसपास विद्यार्थी तपासले गेले, आणि वर्तन व अभ्यास या दोहोंत लाभ दिसला. उलट ब्रिटनमध्ये आठ हजारांवर किशोरवयीन विद्यार्थ्यांना सजगतेचे धडे देऊन पाहिले, तर 2022 मध्ये हाती आलेला निष्कर्ष असा, की नेहमीच्या शिक्षणाहून त्यांचा अधिक उपयोग झाला नाही. मला यात विरोध वाटत नाही. मनाविषयीचा तास वेळापत्रकात बसवणे सोपे आहे. पण जी बाई त्या तासाला दीर्घ श्वास शिकवते तीच पुढच्या तासाला चुकलेल्या गणितावरून मुलाला वर्गासमोर उभे करत असेल, तर मूल दुसराच धडा लक्षात ठेवते.

पालघर जिल्ह्यातील एका बालवाडीत पाहिलेला प्रसंग येथे सांगतो. आईने दारात सोडलेली मुलगी जाळीला धरून रडत होती. सेविका तिच्याजवळ खाली बसली. ''आई गेली म्हणून वाईट वाटतंय व्हय गं? कुठं वाटतंय, दाखव बघू मला.'' मुलीने हुंदका देत पोटावर हात ठेवला. ''इथं गोळा आलाय होय? माझ्या बी यायचा, लहानपणी. बस माझ्याजवळ, थोड्या वेळानं बघू गेला का.'' आई लगेच येणार आहे असे खोटे सांगितले नाही, मोठी मुलगी रडते का म्हणून लाजवले नाही, चॉकलेट पुढे केले नाही. काही वेळाने त्या मुलीने आपण होऊनच पोट चाचपून पाहिले आणि गोळा कमी झाल्याचे सेविकेला सांगितले. भावना देहात उमटते, तिला नाव देता येते, ती येते तशी ओसरते, आणि ती आलेली असताना कोणी आपल्याला टाकून देत नाही, ही चारही प्रमेये तेवढ्या वेळात शिकवून झाली होती.

म्हणून या मार्गावर यापुढे जे काही करायचे त्यात पहिला वाटा त्या सेविकेला मिळाला पाहिजे. अंगणवाडी सेविका आजही पगारी नोकर नव्हे, मानधनावरची स्वयंसेविका गणली जाते. आहार, वजन, लसीकरण, सर्वेक्षण यांच्या नोंदी भरण्यात तिचा दिवस सरतो, आणि रडणाऱ्या मुलापाशी बसायला लागणारी फुरसत हीच तिच्यापाशी सर्वांत दुर्मीळ असते. मेंदूची रंगीत चित्रे, कार्यपुस्तिका, आनंदाचे तास हे सर्व अवश्य यावे. परंतु ज्या वर्गात मुले हाताबाहेर जाण्याइतकी अधिक आणि बाई एकटी, तेथे ते भिंतीवरच राहील. ताराबाई आणि अनुताईंनी साधनांच्या आधी माणसे तयार केली, बालसेविकांच्या प्रशिक्षणाला आयुष्य दिले, यामागे हीच जाण होती. मुलाला त्याच्या मनाची ओळख त्याच्याविषयी धीर धरणाऱ्या माणसाच्या सहवासात होते. तो धीर बाळगण्याइतका वेळ, मान आणि वेतन त्या माणसाला देणे हे समाजाचे कर्तव्य आहे, आणि ते अजून पुरते बजावले गेलेले नाही.