'मेट्रोपोलिस'ची लेखिका, बेळगावची सून!

विज्ञानपटांच्या शौकिनांना सगळ्यात गाजलेला मूकपट विचारा. दहातले आठ जण 'मेट्रोपोलिस' म्हणतील. त्याची पटकथा आणि त्याच नावाची कादंबरी लिहिली थेआ फॉन हार्बू या जर्मन लेखिकेनं. आता या बाईंचा तिसरा नवरा कोण, ओळखा पाहू. आपल्या बेळगावकडचा मराठी माणूस, आयी गणपत तेंडुलकर! अनगोळच्या चौथ्या रेल्वे गेटपाशी गाडी जाईपर्यंत ताटकळणाऱ्या कितीतरी जणांना मी हे सांगितलंय. प्रत्येकाचं उत्तर एकच, "काय सांगालाय!"

आधी मासिकात, मग पडद्यावर

सिनेमाच्या जोडीनं कादंबरी काढायची युक्ती हॉलिवूडची, असा आपला समज. पण 'मेट्रोपोलिस' 1926 मध्ये एका जर्मन सचित्र मासिकात क्रमशः येत होती आणि सोबत छापलेली छायाचित्रं होती चित्रीकरण चालू असलेल्या सिनेमाची. त्याच वर्षी पुस्तक निघालं. सिनेमा बर्लिनमध्ये झळकला 10 जानेवारी 1927 ला. म्हणजे वाचकांनी गोष्ट आधीच वाचली होती आणि मग ते ती बघायला गेले.

गोष्ट एका अवाढव्य शहराची. वर श्रीमंतांचे मनोरे, खाली जमिनीच्या पोटात यंत्रांना जुंपलेले मजूर. शहराचा धनी योह फ्रेडरसन, त्याचा मुलगा फ्रेडर, आणि बाळंतपणात गेलेली फ्रेडरची आई हेल. हेलवर आधी रोटवांग नावाच्या शास्त्रज्ञाचं प्रेम होतं, ती योहकडे गेली, आणि रोटवांगच्या मनात ती जखम कायमची राहिली.

इथं एक खरीखुरी गंमत आहे. रोटवांगचं काम केलं रुडोल्फ क्लाइन-रोगे या नटानं. हा थेआचा पहिला नवरा! त्याला सोडून तिनं लग्न केलं ते या सिनेमाचा दिग्दर्शक फ्रिट्झ लांगशी. पडद्यावरचा प्रेमभंग आणि घरातला प्रेमभंग एकाच माणसाच्या वाट्याला आले.

गच्चीवरची आजी

मला ही कादंबरी आवडते ती मात्र सिनेमात नसलेल्या एका म्हाताऱ्या बाईमुळे. योह फ्रेडरसनची आई. फ्रेडरची आजी. ती पायांनी अधू आहे, आणि राहते कुठं? एका प्रचंड इमारतीच्या छपरावर, गवतानं शाकारलेल्या शेतकऱ्याच्या घरात. शेजारी अक्रोडाचं झाड, भोवती फुलझाडं. ज्या शहरात सगळं लोखंड आणि वीज, तिथं हे एक घर जसंच्या तसं. मुलगा साऱ्या शहराचा मालक, पण आईपुढे आला की त्याला मान वर करता येत नाही. शेवटी हेलनं लिहून ठेवलेलं पत्र त्याच्या हाती देते ती हीच आजी. आजी, मुलगा, नातू अशा तीन पिढ्या, आणि कथेची गाठ सोडवणारी सगळ्यात थोरली. सिनेमानं तिला गाळलं, ही मला त्यातली सगळ्यात मोठी चूक वाटते.

मी इंग्रजी अनुवाद वाचत होते तेव्हा आई शेजारी गवारी मोडत बसली होती. "काय वाचालाईस एवढं?" म्हणाली. मी सगळी गोष्ट सांगितली, यंत्रमानव, पूर, दंगल, सगळं. तिनं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "त्या म्हातारीचं घर पाडलं न्हाई न्हवं?" आमच्या गल्लीत दोन्ही बाजूंना अपार्टमेंट उठलीत आणि मधे आमचं कौलारू घर उरलंय. शंभर वर्षांपूर्वीच्या जर्मन कादंबरीवर इतकं नेमकं मत मी दुसरीकडे ऐकलेलं नाही. माझ्या भाचीचं मत वेगळं. तिला रोटवांगनं घडवलेली यंत्रमानव मारिया आवडली आणि शेवट भाबडा वाटला.

भाबडा म्हणणारे आणखीही होते

एच. जी. वेल्स यांनी 1927 मध्येच वृत्तपत्रात लेख लिहून सिनेमाला मूर्खपणाचा कळस ठरवलं. डोकं आणि हात यांच्यामध्ये काळजानं मध्यस्थी करावी, हा शेवटातला थेआचा मुद्दा खुद्द फ्रिट्झ लांगलाही पुढे अनेक वर्षं पटत नव्हता, त्याला ती परीकथा वाटायची. उतारवयात तरुण मुलांशी बोलल्यावर मात्र, बाईचं बरोबर असावं, असं त्यानं मान्य केलं.

उलट अमेरिकेतले विज्ञानकथांचे अफाट संग्राहक फॉरेस्ट अॅकरमन या कादंबरीवर इतके खूश होते की 1963 च्या आवृत्तीला त्यांनी प्रस्तावना लिहिली.

आणि पुस्तकाचा एक मोठा उपयोग झाला. अमेरिकेत सिनेमा दाखवताना त्याची जबर काटछाट झाली. 'हेल' हे नाव इंग्रजीतल्या नरकासारखं ऐकू येतं म्हणून त्या आईचा प्रसंगच कापला! रोटवांग एवढा का पेटलाय, हे प्रेक्षकांना कळेना. कादंबरी वाचणाऱ्याला ते नीट ठाऊक होतं. कापलेल्या भागातला बराचसा 2008 मध्ये थेट ब्यूनस आयर्सच्या संग्रहालयात सापडला आणि 2010 मध्ये जवळजवळ पूर्ण सिनेमा पुन्हा दाखवला गेला. ऐंशीहून जास्त वर्षं ती आई फक्त पुस्तकात धड होती.

आता तेंडुलकर

आयी तेंडुलकर शिकायला जर्मनीला गेले, तिथं पत्रकारिता केली. थेआ वयानं त्यांच्यापेक्षा बरीच मोठी. 1933 मध्ये लांगशी तिचा घटस्फोट झाला. पण हिटलरच्या राज्यात एवढ्या प्रसिद्ध जर्मन बाईनं हिंदी माणसाशी उघड लग्न करणं शक्य नव्हतं, म्हणून हे लग्न गुपचूप झालं. बर्लिनमधल्या हिंदी विद्यार्थ्यांना तिच्या घराचं दार उघडं असे. हे लिहिताना दुसरी बाजूही लिहायलाच हवी. नाझी राजवटीच्या काळात ती तिथल्या चित्रपटसृष्टीत काम करत राहिली आणि युद्धानंतर ब्रिटिशांनी तिला अटकेत ठेवलं.

तेंडुलकर युद्धाच्या सुमारास मायदेशी परतले, बेळगावात मराठी वृत्तपत्र चालवलं, इंग्रजांच्या तुरुंगात गेले. पुढे इंदुमती गुणाजी यांच्याशी त्यांचं लग्न ठरलं. गांधीजींनी अट घातली, पाच वर्षं एकमेकांपासून दूर राहा. दोघं राहिले! 1945 मध्ये सेवाग्रामला लग्न लागलं. ही सगळी हकिगत त्यांची कन्या लक्ष्मी तेंडुलकर धौल यांनी 'इन द शॅडो ऑफ फ्रीडम' या 2013 च्या पुस्तकात लिहिली आहे. 1924 च्या बेळगाव काँग्रेस अधिवेशनाच्या आठवणी इथल्या पोरासोरांना पाठ असतात. ही गोष्टही तशीच पाठ व्हायला हवी.

थेआनं बेळगाव कधी पाहिलं नाही. भारतही नाही. तरी भारतावर 1918 मध्येच कादंबरी लिहून मोकळी झाली होती.

आणखी थोडी फोडणी

'तीन, दोन, एक' अशी उलटी मोजणी रॉकेटच्या उड्डाणाआधी पहिल्यांदा गाजली ती लांगच्या 1929 च्या चंद्रावरच्या सिनेमातून. कादंबरी अर्थात थेआची. श्रीहरिकोट्याहून यान उडताना ती मोजणी ऐकली की मला ही बेळगावची सून आठवते.

सिनेमा आणि कादंबरीच्या जोडीच्या आणखीही गमती आहेत. 'फँटास्टिक व्हॉयेज' (1966) हा सिनेमा आयझॅक अॅसिमॉव्हच्या कादंबरीवरून काढला, असं पुष्कळ वाचक आजही मानतात. खरं उलटं आहे. अॅसिमॉव्हनं पटकथेवरून कादंबरी लिहिली, पण ती आधी बाजारात आली. शिवाय सिनेमात आकसवून रुग्णाच्या शरीरात सोडलेली आणि तिथंच राहून गेलेली पाणबुडी पुन्हा मोठी होईल त्याचं काय, हा घोळ त्यानं पुस्तकात निस्तरला.

'2001: अ स्पेस ओडिसी'मध्ये आर्थर सी. क्लार्कच्या कादंबरीतलं यान शनीकडे जातं, सिनेमातलं गुरूकडे. पुढच्या भागात क्लार्कनं सिनेमाचंच खरं धरलं.

1994 च्या 'स्टार ट्रेक जनरेशन्स'मध्ये दोन पिढ्यांचे कप्तान एकत्र येतात. पहिल्या पिढीच्या कर्कला पाठीत गोळी लागून मरण येणं चाचणी प्रेक्षकांना रुचलं नाही. शेवट पुन्हा चित्रित झाला. पण पुठ्ठा बांधणीची कादंबरी तोवर छापून झाली होती, तिच्यात जुनाच शेवट राहिला!

आणि आपल्या शेजारच्या कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर? त्यांचे केंब्रिजचे गुरू फ्रेड हॉइल यांनी 1961 च्या 'ए फॉर अँड्रोमेडा' या बीबीसी मालिकेवरून कादंबरी लिहिली. मालिकेचे बहुतेक भाग हरवले, पुस्तक टिकलं. शिष्यानं 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावानं, स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. परीक्षकांनी नाव न ओळखता पहिलं बक्षीस दिलं. पुढच्याच वर्षी कराडच्या साहित्य संमेलनात दुर्गाबाई भागवतांनी अध्यक्षपदावरून नारळीकरांच्या विज्ञानकथेचं कौतुक केलं. वाचकाचं मत असावं तर असं.

थेआ फॉन हार्बू 1954 मध्ये बर्लिनला वारली. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी भारतात हक्क संपतात, म्हणजे 'मेट्रोपोलिस' 2015 पासून इथं कुणालाही अनुवाद करायला मोकळी आहे. बेळगाव-निपाणीकडच्या जर्मन शिकलेल्या मुलामुलींनो, हे काम तुमचं आहे. सुरुवात त्या गच्चीवरच्या आजीच्या प्रकरणापासून करा.