वार्धक्यातील शरीरघटक आणि शारीरिक क्षमता : कासू परिसराच्या संदर्भात

प्रस्तुत लेखात वृद्धांच्या शरीरातील मेद व स्नायू यांच्या प्रमाणाचा त्यांच्या ताकदीशी असलेला संबंध स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

पेण व नागोठणे यांच्या दरम्यान वसलेल्या कासूसारख्या भातशेतीच्या गावात वृद्धांची प्रकृती बहुधा वजनावरूनच ठरविली जाते. वजन घटले नाही म्हणजे सर्व ठीक, असा समज असतो. तथापि वजनकाटा मेद व स्नायू यांत भेद करीत नाही. या संदर्भात २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेली तुलना बोलकी आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व इंग्लंडमधील डॉ. जॉन युडकिन या दोघांचाही बीएमआय २२.३ होता, मात्र शरीरातील मेद अनुक्रमे २१.२ व ९.१ टक्के भरला. ही तुलना मधुमेहाच्या संदर्भातील असली, तरी सडपातळ भारतीय शरीरात मेद लपलेला असू शकतो, हे तिने दाखविले.

वार्धक्यात हा भेद अधिक तीव्र होतो. स्नायूंना चालना देणाऱ्या चेतापेशी घटतात, जलद आकुंचन पावणारे तंतू प्रथम क्षीण होतात व स्नायूंमध्ये मेद शिरतो. त्यामुळे स्नायूंच्या वस्तुमानापेक्षा ताकद कितीतरी वेगाने घटते. १९८९ मध्ये आयर्विन रोझेनबर्ग यांनी या स्नायुऱ्हासास ‘सार्कोपेनिया’ हे नाव सुचविले. आशियाई तज्ज्ञगटाच्या २०१९ च्या निकषांनुसार हाताच्या पकडीची ताकद पुरुषांत २८ व स्त्रियांत १८ किलोपेक्षा कमी असणे, किंवा खुर्चीवरून पाच वेळा उठण्यास १२ सेकंद वा अधिक लागणे, ही धोक्याची लक्षणे होत. आपल्याकडे पाटावरून हात न टेकता उठता येते काय, हे पाहिले तरी पुष्कळ कळते.

जन्मभर लावणी-कापणी केलेल्यांना हा धोका कसा, असा प्रश्न उपस्थित होईल. परंतु श्रमाने कमावलेले स्नायू श्रम थांबताच ओसरू लागतात. ‘आता बसून खा’ हा मुलासुनांचा प्रेमळ आग्रह येथे घातक ठरतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. दात गेल्यावर डाळ व सुकी मासळी मागे पडून पेजेवरच भागविले जाते, तेव्हा प्रथिनेही कमी पडतात. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०२० मध्ये दर किलो वजनामागे दररोज ०.८३ ग्रॅम प्रथिनांची शिफारस केली आहे.

ऱ्हास अटळ असला तरी तो काही अंशी भरून निघतो. १९९० साली अमेरिकेत नव्वदीच्या घरातील नऊ वृद्धांनी आठ आठवडे पायांचा भारव्यायाम पूर्ण केला. मांडीच्या स्नायूंचे क्षेत्रफळ ९ टक्क्यांनी, तर ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. दोघांची चालण्याची काठी सुटली.